पाळकसाहेबांच्या खोलीतला प्रश्न

जालन्यातली ख्रिस्ती मंडळी दीडशे वर्षांहून जुनी, पण आकाराने लहान. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा म्हणजे पूर्वीचं कादराबाद, आणि शहराजवळच बेथेल. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे तो फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा पाळक झाला आणि १८६०च्या दशकात जालन्याला आला. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्याने बेथेल हे गाव वसवलं. त्याच्या हातून ख्रिस्ती झालेल्यांत मांग समाजातली कुटुंबं मोठ्या संख्येने होती. त्यांच्या नातवंडा-पतवंडांची मंडळी १९७० साली नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सीएनआयमध्ये आली. कॅथलिकांसाठी १९७७ पासून औरंगाबादचा वेगळा धर्मप्रांत आहे आणि जालना जिल्हा त्यात येतो. याशिवाय गेल्या काही दशकांत घराघरांत भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभाही आल्या आहेत.

मंडळी लहान असली की सगळे एकमेकांचे सोयरे निघतात. कोणाच्या घरात काय चाललंय ते पाळकसाहेबांना बहुधा कळलेलं असतं, आणि त्यांना कळलंय हे त्या घरालाही ठाऊक असतं. एचआयव्हीच्या बाबतीत ही जवळीक दुधारी ठरते. मदत लवकर मिळू शकते, आणि बातमीही लवकर फुटू शकते.

त्यात जालन्याची वस्ती फिरती. लोखंडी सळयांचे कारखाने, त्यांत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार, माल नेणारे ट्रक, आणि अंबड-घनसावंगीकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या. एचआयव्हीच्या सरकारी कार्यक्रमात स्थलांतरित मजूर आणि ट्रकचालक यांना ‘दुवा’ मानतात. जास्त जोखमीच्या गटांतून विषाणू साध्या घरापर्यंत येतो तो या दुव्यावरून. घरापर्यंत आला की मग तो कोणत्या धर्माचं घर आहे ते पाहत नाही.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली मद्रासला झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, सुरू झाली. जास्त प्रादुर्भावाची म्हणून जी सहा राज्यं ठरली त्यांत महाराष्ट्र होता. बाधितांची संख्या पन्नास लाखांच्या वर असल्याचं आधी मानलं जात होतं. २००७ मध्ये नव्या पाहण्यांच्या आधारे हा अंदाज पंचवीस लाखांच्या आसपास आणला गेला. आकडा निम्म्यावर आला तरी ज्या घरात विषाणू शिरला होता तिथला प्रश्न निम्मा झाला नाही.

अशा वेळी चर्च काय करतं? महाराष्ट्रातल्या चर्चला आजारी माणसाची सेवा नवी नव्हती. जालन्याचं मिशन हॉस्पिटल, मिरजेला १८९४ साली विल्यम वानलेस यांनी काढलेलं रुग्णालय, कुष्ठरोग्यांसाठीच्या ठिकठिकाणच्या वसाहती, जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये उभं केलेलं ग्रामीण आरोग्याचं काम, अशी ही मोठी परंपरा. कुष्ठरोग्याला समाजाने गावाबाहेर काढलं तेव्हा मिशनऱ्यांनी त्याच्या जखमा धुतल्या. साहजिकच, एड्स आला तेव्हा चर्चने हीच वाट धरली. पाचगणीच्या बेल-एअर रुग्णालयाचं उदाहरण घ्या. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी उभारलेलं हे आरोग्यधाम पुढे रेडक्रॉसकडे गेलं. १९९४ पासून फादर टॉमी करियिलकुलम यांच्या हाताखाली ते एचआयव्ही बाधितांच्या शुश्रूषेचं मोठं केंद्र झालं. ज्यांना कुठेच खाट मिळत नव्हती अशांना तिथे मिळाली.

पण शुश्रूषा आणि प्रतिबंध ही दोन निराळी कामं आहेत. शुश्रूषेत माणूस आजारी पडून समोर आलेला असतो. आजार कसा झाला हे न विचारताही त्याचा ताप उतरवता येतो. कुष्ठरोगात तर तसा प्रश्नच नव्हता, म्हणून तिथे करुणा निर्वेध वाहू शकली. प्रतिबंध करायचा तर आजार होण्याआधीच्या गोष्टीवर बोलावं लागतं, आणि इथे ती गोष्ट म्हणजे शरीरसंबंध. चर्च शुश्रूषेत पुढे आणि प्रतिबंधात मागे का राहिलं, याचं मुख्य कारण मला हेच वाटतं. करुणेची चर्चकडे कधी टंचाई नव्हती.

पाळक लैंगिकतेवर बोलतच नाहीत असं मात्र नाही. ते दोन ठिकाणी बोलतात आणि दोन्हीकडे निराळं बोलतात. पुलपिटावरून बोलतात तेव्हा विषय पवित्रता, जारकर्म, तरुणांचं बिघडणं, मोबाइल आणि सिनेमा असा असतो. शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर, ही पौलाची शिकवण बहुतेक प्रत्येक तरुण-संमेलनात ऐकू येते. तेच पाळक आपल्या खोलीत समोर बसलेल्या नवरा-बायकोशी, किंवा रडत आलेल्या एखाद्या बाईशी बोलतात तेव्हा सूर बदलतो. तिथे दवाखान्याचं नाव येतं, तपासणी येते, “त्याला घेऊन या, मी बोलतो” येतं. ही पहिली भाषा खोटी आणि दुसरी खरी, असं मी म्हणणार नाही. अडचण अशी की ज्याला खोलीत यायचं असतं त्याने आधी पुलपिटावरचं ऐकलेलं असतं, आणि ते ऐकून तो खोलीपर्यंत येतच नाही.

आता पुलपिटावरचा संदेश नेमका कोणाच्या कानावर पडतो ते पाहू. पुण्याचा एक अभ्यास इथे फार मोलाचा आहे. १९९७ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या नऊशेहून अधिक स्त्रियांची त्यांनी तपासणी केली होती. त्यांतल्या वेश्याव्यवसायात असलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या बाधित निघाल्या. त्या काळी हे कोणाला अनपेक्षित नव्हतं. धक्का होता तो दुसऱ्या गटाचा. ज्या स्त्रिया त्या व्यवसायात नव्हत्या, आणि ज्या बहुतेक विवाहित होत्या, त्यांच्यातही सुमारे १४ टक्के बाधित होत्या. यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध आलेला नव्हता. त्यांच्या बाबतीत जोखमीचं वर्तन म्हणजे लग्न.

यासोबत त्या काळचा जगभरचा प्रचार ठेवून बघावा. ‘एबीसी’ म्हणून गाजलेलं सूत्र: संयम पाळा, एकनिष्ठ राहा, ते जमत नसेल तर कंडोम वापरा. युगांडात ते राबवलं गेलं आणि जगभर पोचलं. अमेरिकेने २००३ साली जागतिक एड्सनिधीचा कायदा केला तेव्हा प्रतिबंधाच्या पैशातला एक तृतीयांश लग्नापर्यंतच्या संयमाच्या प्रचारासाठी राखून ठेवला. ही अट २००८ पर्यंत राहिली. धर्मसंस्थांना पहिली दोन अक्षरं आवडली, कारण ती त्यांचीच होती. पण ज्या बाईने लग्नाआधी संयम पाळला आणि लग्नानंतर एकनिष्ठा, तिला पुण्याच्या दवाखान्यात बाधित ठरवलं गेलं. तिने दोन्ही अक्षरं तंतोतंत पाळली होती. तिसरं तिच्या हातात नव्हतं. कंडोम वापरायचा की नाही हे तिच्या घरात ती ठरवत नव्हती, आणि तिने तसं सुचवलं असतं तर पहिला संशय तिच्यावरच आला असता.

म्हणजे रविवारच्या संदेशात एकनिष्ठेची शिकवण जिच्या कानी पडत होती ती आधीच एकनिष्ठ होती. आपल्याकडे उपासनेला बायकांची संख्या पुरुषांहून जास्त दिसते, हे मंडळीतला कोणीही मान्य करील. ज्याच्यासाठी उपदेश होता तो कारखान्याच्या पाळीला, टोळीबरोबर कोल्हापूर-सांगलीला, किंवा ट्रकच्या केबिनमध्ये होता. आणि समजा तो बाकावर असला, तरी जारकर्माच्या उपदेशात तो फक्त पापी ठरत होता. घरी बायकोला काय सांगायचं, तपासणी कुठे करायची, लागण झाली असेल तर पुढे काय, यातलं काहीच त्याच्या हाती पडत नव्हतं.

इथे पाळकाचं एक अधिकारपद आहे ज्याकडे एचआयव्हीवर बोलणाऱ्यांनी पुरेसं लक्ष दिलेलं नाही. हिंदू लग्नात भटजी विधी करतात आणि जातात. ख्रिस्ती लग्नात पाळक हा कायद्याचाही माणूस असतो. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावण्याचा, त्याची नोंद ठेवण्याचा अधिकार त्याच्याकडे. लग्नाची घोषणा आधी काही रविवार उपासनेत वाचली जाते, कोणाची हरकत असेल तर पुढे यावं म्हणून. वधूवरांना बसवून लग्नाआधी समुपदेशन करायचं तेही त्यानेच. पुण्याच्या अभ्यासाने दाखवलं की धोका लग्नात आहे, आणि लग्नाच्या दाराशी उभा असलेला माणूस पाळक आहे. चर्चमधल्या एचआयव्ही प्रतिबंधाची खरी जागा पुलपीट नसून ही लग्नाआधीची बैठक आहे, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. बाकीचं सारं त्याच्या अवतीभोवती.

ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण लग्नातल्या ताकदीचा तराजू त्यात उघड दिसतो. १८६९च्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण घटस्फोटाला पुरे होतं. बायकोला मात्र नवऱ्याचा नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे, त्याला क्रूरतेची किंवा सोडून जाण्याची जोड लागे. म्हणजे बाहेरून आजार घेऊन आलेल्या नवऱ्याविरुद्ध त्याची बायको कोर्टात गेली तर कायदा तिला विचारत होता, “एवढंच ना? आणखी काय केलं त्याने?” १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद घटनाबाह्य ठरवला, आणि २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. योगायोग असा की पुण्याचा अभ्यासही १९९७चाच. एकाच वर्षी डॉक्टरांनी आणि न्यायाधीशांनी, एकमेकांना न विचारता, विवाहित स्त्रीच्या एकाच कोंडीवर बोट ठेवलं. पुलपिटावर यातलं किती पोचलं, ते ज्याने त्याने आपल्या मंडळीत आठवून पाहावं.

वर्तमानपत्रांत मात्र चर्च आणि एड्स म्हटलं की कंडोमचाच वाद गाजला. तो वाद खरा आहे, पण तो मुख्यतः रोमन कॅथलिक चर्चचा. १९६८ साली पोप पॉल सहावे यांनी कृत्रिम संततिनियमन अमान्य ठरवलं. एड्स आल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला: नवरा बाधित, बायको निरोगी, तर तिचा जीव वाचवणारं साधन हे संततिनियमन मानायचं का संरक्षण? कार्डिनल कार्लो मारिया मार्टिनी यांनी २००६ मध्ये अशा जोडप्याच्या बाबतीत कंडोम ही कमी वाईट गोष्ट ठरू शकते असं जाहीरपणे म्हटलं. दक्षिण आफ्रिकेतल्या रुस्टनबर्गचे बिशप केव्हिन डाउलिंग खाणकामगारांच्या वस्त्यांत रोज मरण पाहत होते. जीव वाचवण्यासाठी कंडोम वापरायलाच हवा, असं ते सांगत राहिले. पोप बेनेडिक्ट सोळावे मार्च २००९ मध्ये आफ्रिकेला जाताना विमानात म्हणाले की कंडोम वाटून प्रश्न सुटणार नाही, उलट वाढेल, आणि जगभर गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी एका मुलाखतवजा पुस्तकात त्यांनी थोडी वाट मोकळी केली: एखाद्या पुरुष वेश्येने दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून तो वापरला, तर ते जबाबदारीच्या दिशेने पडलेलं पहिलं पाऊल असू शकतं. लगेच व्हॅटिकनमधून खुलासाही आला की संततिनियमनाबद्दलची शिकवण आहे तशीच आहे.

जालन्यात, निदान सीएनआयच्या मंडळीत, हा वाद लागूच होत नाही. सीएनआयमध्ये सहा चर्च एकत्र आली, त्यांत अँग्लिकन होते आणि अँग्लिकन बिशपांनी १९३० मध्येच लॅम्बेथ परिषदेत विवाहितांसाठी काही अटींवर संततिनियमनाला वाट दिली होती. तत्त्वाने अडलेलं काहीच नाही. तरी तो शब्द उच्चारला जात नाही. इथला अडथळा धर्मशास्त्राचा नाही, संकोचाचा आहे. संकोचाला उत्तर द्यायला कोणता पोपही नाही. माझं एक निरीक्षण ऐकायला विचित्र वाटेल. शरीराबद्दल बोलण्याची सवय काही बाबतींत कॅथलिकांना जास्त आहे. नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवायचं म्हणून त्यांच्या लग्नपूर्व वर्गात पाळीचं चक्र, गर्भधारणेचे दिवस, संबंध टाळण्याचे दिवस, हे सगळं तपशिलाने बोलावं लागतं. ज्यांच्याकडे बंदी आहे त्यांना समजावून सांगावं लागतं. ज्यांच्याकडे मुभा आहे ते ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून मोकळे होतात.

मग बदल कुठून आला? सगळ्यात मोठा धक्का पाळकांच्याच रांगेतून आला. युगांडातले अँग्लिकन धर्मगुरू गिडियन ब्यामुगिशा यांची पत्नी १९९१ मध्ये वारली. त्यानंतर त्यांना कळलं की आपणही बाधित आहोत. १९९२ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. आफ्रिकेत असं उघडपणे सांगणारे ते पहिले धर्मगुरू मानले जातात. बिशपांनी त्यांना काढून टाकलं नाही, ते सेवेत राहिले. पुढे त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सहकाऱ्यांनी बाधित असलेल्या किंवा बाधितांसोबत जगणाऱ्या धर्मगुरूंची एक संघटना बांधली. ती आज इनेरेला नावाने ओळखली जाते आणि तिच्यात ख्रिस्ती, मुस्लिम असे सगळे आहेत. या लोकांनी एबीसी बाजूला ठेवलं. त्यांच्या मते त्या सूत्रात लागण म्हणजे वर्तनाचा निकाल, मग बाधित माणूस आपोआप नापास. त्याऐवजी त्यांनी चार गोष्टींचं नवं सूत्र मांडलं: सुरक्षित व्यवहार, औषधोपचार, स्वेच्छेने तपासणी आणि समुपदेशन, आणि ज्ञानातून येणारं बळ. ‘सुरक्षित व्यवहार’ या पहिल्या कलमात संयम आहे, निष्ठा आहे, कंडोम आहे, तपासलेलं रक्त आहे, स्वच्छ सुई आहे, आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधं आहेत. शरीरसंबंध अनेकांतला एक झाला. पुलपिटावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. पापाचा विषय न काढताही आता त्याला सुरुवात करता येत होती.

पवित्र शास्त्राचं वाचनही बदललं. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात की पाप कोणाचं, याचं का आईबापाचं, आणि येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. योहानाच्या शुभवर्तमानातला हा प्रसंग एचआयव्हीच्या शिबिरांत हमखास वाचला जाऊ लागला. त्याहून धाडसाचं होतं ते तामारचं. २ शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात दावीद राजाचा मुलगा अम्नोन आजाराचं सोंग घेऊन सावत्र बहिणीला खोलीत बोलावतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. सख्खा भाऊ तिला गप्प राहायला सांगतो. बाप रागावतो, पण करत काहीच नाही. हा उतारा उपासनेत क्वचितच वाचला जातो. दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्सबर्गच्या उजामा केंद्राने हाच अध्याय घेऊन बायकांच्या गटांत अभ्यास सुरू केला, आणि २०००च्या सुमारास त्याची मोहीम झाली. घरात, नात्यात, आणि मोठ्यांच्या मौनात काय घडतं ते बोलायला बायकांना पवित्र शास्त्रातूनच जागा मिळाली. आपल्या महिला मंडळात हा अध्याय काढला तर पहिली पाच मिनिटं कोणी बोलणार नाही. नंतर थांबवावं लागेल.

पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र घ्या. सातव्या अध्यायात तो म्हणतो की बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा हक्क आहे, आणि लगेच, त्याच दमात, नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा. घरोघरी पहिला भाग माहीत असतो. नवऱ्याला तपासणीला चल म्हणण्याचा, ती होईपर्यंत नाही म्हणण्याचा आधार एखाद्या बाईला दुसऱ्या भागात सापडू शकतो. पाळकीणबाईंनी महिला मंडळात हा भाग समजावून सांगितला तर त्याचा परिणाम कंडोमच्या भित्तिपत्रकापेक्षा जास्त होईल असं मला वाटतं. बायका आपला असला प्रश्न पाळकसाहेबांपर्यंत नेत नाहीत, पाळकीणबाईंपर्यंत नेतात.

भारतातही काम झालं. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांच्या परिषदेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तिने ‘एशा’ नावाच्या उपक्रमातून एचआयव्हीवर काम केलं. ते करताकरता तिला लैंगिकतेवर आणि तृतीयपंथी, समलिंगी माणसांबद्दलच्या चर्चच्या वागणुकीवरही बोलणं भाग पडलं. एचआयव्हीचा धागा ओढला की हे सगळं बाहेर येतंच. दिल्ली उच्च न्यायालयात, तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्धची याचिका नाझ फाउंडेशन या एचआयव्हीवर काम करणाऱ्या संस्थेनेच केली होती. ज्यांना कायद्याची भीती आहे ते तपासणीला येणारच नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. काही ख्रिस्ती संघटना त्या याचिकेच्या विरोधात न्यायालयात उभ्या राहिल्या. उलट, दिल्लीत रद्द ठरलेलं ते कलम २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जिवंत केलं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशस यांनी समलिंगी विवाहाला विरोध नोंदवतानाच या माणसांना चर्चने गुन्हेगार मानलेलं नाही असं सांगितलं. पुण्यात ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीत डॉ. नीला ओनावळे आणि रेव्हरंड भास्कर ओनावळे यांनी १९७५ मध्ये दीपगृह सोसायटी सुरू केली. तिथे २००५ पासून ‘दिशा’ नावाने एचआयव्हीसाठी स्वतंत्र काम उभं राहिलं. पाळक आणि डॉक्टर एकाच घरात असल्यावर पुलपीट आणि दवाखाना यांतलं अंतर आपोआप कमी होतं. सगळ्या मंडळींना अशी जोडी मिळत नाही.

आता त्या लग्नाआधीच्या बैठकीकडे येऊ. समजा, जालन्याच्या एका कारखान्यात काम करणारा मुलगा लग्न ठरल्यावर एकटाच पाळकसाहेबांकडे आला आणि म्हणाला, “साहेब, माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. घरी माहीत नाही.” पाळकाने काय करायचं? पहिली ओढ मुलीच्या वडिलांना फोन करण्याची होईल, आणि ती वाईट हेतूची नसेल. पण २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, विश्वासाने सांगितलेली अशी माहिती त्या माणसाच्या संमतीशिवाय उघड करू देत नाही. जोडीदाराला कळवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती ठरावीक परिस्थितीत आणि डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्यासाठी आहे. दुसरीकडे, बाधित व्यक्तीनेही लागण पसरू नये म्हणून खबरदारी घेतली पाहिजे, त्यात संबंधाआधी जोडीदाराला सांगणंही येतं, असं हाच कायदा म्हणतो. म्हणजे पाळकाचं काम गौप्यस्फोट करण्याचं नाही आणि डोळे मिटून लग्न लावण्याचंही नाही. मुलाने स्वतः मुलीला सांगावं इथपर्यंत त्याला आणणं, त्याला जिल्हा रुग्णालयाच्या समुपदेशकाकडे नेणं, आणि तो सांगायला तयार होईपर्यंत तारीख पुढे ढकलायला त्याला राजी करणं. तारखेच्या बाबतीत पाळकाचा शब्द घरात चालतो.

गुप्तता फुटली की काय होतं याचा धडा गोव्याने दिला आहे. पर्राचे डॉमिनिक डिसोझा हे रक्तदाते. १९८९च्या फेब्रुवारीत त्यांच्या बाधित असण्याची बातमी त्यांना डॉक्टरकडून नव्हे, पोलिसांमार्फत कळली. म्हापशाजवळच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्यांना ६४ दिवस कोंडून ठेवलं. त्यांच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली, पण बाधितांना असं अलग ठेवू देणारा गोव्याचा कायदा न्यायालयाने रद्द केला नाही. १९९२ मध्ये डॉमिनिक वारले. त्याआधी त्यांनी पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी करायला घेतली होती. त्यानंतर गुप्ततेचा हक्क कायद्यात यायला पंचवीस वर्षं लागली.

काही मंडळींत सगळ्या वधूवरांची एचआयव्ही तपासणी सक्तीची करावी अशी सूचना अधूनमधून येते. ऐकायला ती सोपी वाटते. पण संमतीशिवाय तपासणी कायद्याला चालत नाही. शिवाय तपासणी त्या दिवसापुरतं सांगते. लागण नुकतीच झालेली असेल तर पहिले काही आठवडे नेहमीच्या चाचणीत ती दिसत नाही, आणि लग्नानंतर काय होईल हे तर कोणताच कागद सांगू शकत नाही. प्रमाणपत्र मिळालं की बोलणं संपतं, हा त्यातला आणखी एक तोटा. दोघांनी मिळून, स्वतःहून केलेली तपासणी आणि तिच्या निमित्ताने झालेलं बोलणं याची गोष्ट निराळी.

दरम्यान विज्ञान पुढे गेलं, आणि पाळकांच्या खोलीतल्या प्रश्नाचं उत्तर त्याने बदलून टाकलं. एक जण बाधित आणि एक निरोगी अशा १७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक मोठा अभ्यास झाला. त्यात आपलं पुणे आणि चेन्नईही होतं. २०११ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: बाधित जोडीदाराला लवकर औषधं सुरू केली तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं की औषधं नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका दबलेला असेल, तर संबंधातून लागण होतच नाही. भारतात ही औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळायला लागली, आणि २०१७ पासून निदान झालं की लगेच सुरू करायची असं धोरण आलं. म्हणजे त्या कारखान्यातल्या मुलाने मुलीला सगळं सांगितलं, ती तयार असली, आणि तो औषधं चुकवत नसला, तर त्यांचं लग्न होऊ शकतं, मुलंही होऊ शकतात, आणि ती निरोगी असू शकतात.

ही माहिती किती पुलपिटांवरून सांगितली गेली आहे? अजूनही बऱ्याच ठिकाणी एड्स म्हणजे मरण, कवटी आणि हाडं असलेलं नव्वदच्या दशकातलं भित्तिपत्रक, हीच प्रतिमा आहे. स्वतंत्र प्रार्थनासभांत आणखी एक धोका असतो. प्रार्थनेने बरं झाल्याची साक्ष दिली की माणूस गोळ्या बंद करतो. औषध थांबलं की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वर येतो, आणि त्याबरोबर बायकोचं संरक्षणही जातं. प्रार्थना करा आणि गोळीही घ्या, एवढं एक वाक्य त्या सभेतल्या पास्टरने जाहीरपणे म्हटलं तर ते आरोग्य खात्याच्या दहा शिबिरांइतकं काम करील. त्याच्या शब्दाला तिथे डॉक्टरपेक्षा जास्त वजन आहे.

तरुणांचा प्रश्न उरतोच. २००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला. संस्कृतीला धक्का बसतो अशी तेव्हा ओरड होती. शाळेने हात झटकल्यावर मंडळीचा तरुण संघ आणि उन्हाळी शिबिरं या अशा थोड्या जागा उरल्या, जिथे पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुली मोठ्यांसमोर बसलेली असतात. तिथे शेवटच्या दिवशी तासभर ‘शुद्ध जीवन’ या विषयाला मिळतो. वक्ता बहुधा बाहेरगावचा असतो आणि मुलं प्रश्न विचारत नाहीत. मुलांना चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न लिहायला सांगितलं आणि जिल्हा रुग्णालयाच्या समुपदेशकाला त्याच तासाला पाळकाशेजारी बसवलं, तर पैसा लागत नाही आणि बिशपांच्या परवानगीपलीकडे काही लागत नाही. मग लग्नाच्या बैठकीला ती मुलं येतील तेव्हा पाळकसाहेबांना अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.